आरसीवर नसलेले घर

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. 17,048 चौरस किलोमीटर, चौदा तालुके. पश्चिमेला अकोले तालुक्यात 1646 मीटर उंचीचे कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि साम्रदची सांदण दरी. दक्षिणेला कर्जतजवळ रेहेकुरीचे काळवीट. मध्ये पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे. शिर्डीला मुक्कामाची जशी सोय आहे तशी इतरत्र नाही, आणि भंडारदऱ्याहून जामखेडला जायचे तर दिवसाचा मोठा भाग रस्त्यातच जातो. अशा मुलखात फिरण्याची हौस असलेल्या कुटुंबाला आपल्याच गाडीत झोपता यावे, चहा-खिचडी करता यावी असे वाटणे साहजिक आहे. कल्पनाही आपल्याकडे परकी नाही. आषाढीला संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, तेव्हा दिंड्यांबरोबरचे ट्रक वाटभर कोठार आणि स्वयंपाकघर होऊन चालतात. नवी गोष्ट एवढीच, की आता एखादे कुटुंब जुनी ट्रॅव्हलर किंवा शाळेची मिनीबस घेते, सीट काढते, प्लायचे पलंग आणि ओटा बसवते, टपावर सौर पॅनल लावते आणि सुट्ट्यांसाठी कायमचे फिरते घर तयार करते.

पण अशा घराला एक दिवस नवा मालक शोधावा लागतो. मुले दहावी-बारावीला जातात, आजी-आजोबांना गाडीत चढणे जमेनासे होते, विम्याचा हप्ता आणि टायर यांचा खर्च वर्षातून दोन सहलींच्या मानाने जड वाटू लागतो. मग गाडी विकायची ठरते आणि पहिल्याच गिऱ्हाइकाशी बोलताना दोन्ही बाजूंचे आकडे कुठेच जुळत नाहीत. विकणारा प्लाय, गादी, बॅटरी, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी आणि सुताराची मजुरी यांची बेरीज मूळ गाडीच्या किमतीवर चढवतो. घेणारा मॉडेल, किलोमीटर आणि कागद बघतो. माझे म्हणणे असे आहे की यात घेणाऱ्याचे गणित बरोबर आहे, आणि विकणाऱ्यानेही तेच गणित, शक्यतो गाडी बांधायला घेण्याच्या दिवसापासून, मांडायला हवे. रूपांतरित गाडीला चांगली किंमत दोनच अवस्थांत मिळू शकते. एक तर ती नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, कॅम्पर म्हणून लागलेली असावी. नाहीतर आतले सगळे सामान उतरवून ती पूर्ववत होण्याजोगी असावी. या दोहोंच्या मध्ये लोंबकळणारी गाडी, जिच्या आरसीवर तेरा आसने आहेत आणि आत दोन पलंग व एक ओटा आहे, ती घेणाऱ्यालाही धोक्यात घालते आणि विकणाऱ्यालाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहेत. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेले तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने वाहनात करू नये. बदल कशाला म्हणायचे तेही तिथेच सांगितले आहे: वाहनाच्या रचनेतला असा फरक, ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप पालटते. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा अर्थ कडक लावला. राज्याचे नियम कलम 52 ला वळसा घालू शकत नाहीत, रंग बदलण्यासारख्या किरकोळ गोष्टी चालतील, पण उत्पादकाने ठरवलेल्या रचनेशी विसंगत बदल नोंदवून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दंडाची रक्कम फार मोठी नाही. पण ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण छताला पाडलेली झडप, बाजूला कापलेली खिडकी आणि काढून टाकलेल्या सीट हे तीन वेगळे बदल मोजले जाऊ शकतात. गाडी कर्जावर असेल तर आणखी एक गोष्ट आहे: कर्ज देणाऱ्या संस्थेच्या लेखी संमतीशिवाय असा बदल करण्याची मुभाच मालकाला नाही.

यावर नेहमी येणारा पहिला आक्षेप असा, की आम्ही चासीला हात लावलेला नाही, आत फक्त फर्निचर केले आहे. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. गाडीत गादी टाकली किंवा सुटे कपाट ठेवले म्हणून तिचे मूलभूत स्वरूप बदलत नाही, आणि तसे कोणी म्हणूही नये. पण आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते. वाहनाचा वर्ग, विम्याचा हप्ता आणि कर या आकड्याला बांधलेले असतात. तेरा आसनांची गाडी चार आसनांची झाली की तपशिलात तफावत पडली, मग चासी शाबूत असो वा नसो. पत्रा कापून खिडकी काढणे, छत उंच करणे, इंधनाची जादा टाकी बसवणे हे तर सरळच रचनेतले बदल आहेत. रेषा काय काढता येते आणि काय नाही यावर पडते. नटबोल्टने मूळ सीटच्याच भोकांत बसवलेला पलंग काढून सीट परत लावता येतात. कापलेला पत्रा परत येत नाही.

वजनाबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात, आणि घाबरायला हवे तिथे घाबरत नाहीत. 19 मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार प्लायचा एक तक्ता तीस ते चाळीस किलो भरतो, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, शिवाय बॅटऱ्या आणि भांडीकुंडी. ही बेरीज मोठी दिसते. पण ज्या गाडीत तेरा माणसे बसायची, तिच्यातून नऊ माणसे आणि त्यांच्या सीट कमी झालेल्या असतात, त्यामुळे एकूण वजन मर्यादेत असणे अगदी शक्य आहे. खरा प्रश्न ते वजन कुठे बसले आहे हा आहे. प्रवासी गाडीभर पसरून बसतात. ओटा, टाकी आणि बॅटरी मात्र एकाच बाजूला, आणि अनेकदा मागच्या आसाच्याही मागे, कायमची ठाण मांडतात. संगमनेरजवळच्या चंदनापुरी घाटात किंवा माळशेजच्या उतारावर ब्रेक लावताना आणि वळण घेताना हा फरक जाणवतो. हे तपासायला या जिल्ह्यात तरी प्रयोगशाळा लागत नाही. 1950 साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून उसाच्या निमित्ताने वजनकाटा हा इथल्या गावोगावच्या ओळखीचा झाला आहे. पाण्याची टाकी भरून, सामान लादून गाडी काट्यावर आधी पूर्ण, मग फक्त पुढच्या चाकांवर, मग फक्त मागच्या चाकांवर उभी केली तर तीन पावत्या मिळतात. आरसीवरचे कमाल वजन आणि उत्पादकाने आसामागे दिलेली मर्यादा यांच्याशी त्या ताडून पाहाव्यात. विकणाऱ्याने या तीन पावत्या गिऱ्हाइकापुढे ठेवल्या तर सनमायक्याच्या चकाकीपेक्षा त्यांचा भाव नक्कीच जास्त होईल.

मग कॅम्पर म्हणून कायदेशीर नोंद होतच नाही का? तशी सोय कायद्यात आहे, आणि हीच गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. 5 नोव्हेंबर 2004 च्या केंद्राच्या अधिसूचनेत वाहनांचे जे वर्ग दिले आहेत त्यांत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा बिगर-परिवहन गटातला वेगळा वर्ग आहे, आणि भाड्याने देण्याची कॅम्पर व्हॅन परिवहन गटात आहे. अशा वाहनांच्या बांधणीसाठी एआयएस-124 हे मानकही आहे. अडचण पुढे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 ची मान्यतेची पद्धत उत्पादकासाठी आखलेली आहे. कंपनीने नमुन्याची गाडी चाचणी संस्थेकडे द्यायची, ती पास झाली की त्या नमुन्याबरहुकूम शेकडो गाड्या बनवायच्या. चाचणीचा खर्च त्या शेकडो गाड्यांत वाटला जातो. ज्या कुटुंबाकडे एकच गाडी आहे, त्याने तो सगळा खर्च एकट्याने कसा सोसावा? त्यामुळे मान्यताप्राप्त बांधणीकाराकडून तयार करून घेतलेली गाडी रीतसर लागते, आणि गावातल्या चांगल्या सुताराने व वेल्डरने केलेली गाडी, कदाचित तितकीच मजबूत असूनही, कागदावर मिनीबसच राहते.

आणि हे नगरमध्ये घडावे याचे जास्त वाईट वाटते. नियम 126 मध्ये ज्या मोजक्या चाचणी संस्थांची नावे आहेत, त्यांत संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजे व्हीआरडीई, आहे आणि ती अहिल्यानगर शहरालगतच आहे. तिच्या चाचणी मार्गांवर रणगाड्यापासून मोटारीपर्यंत सगळे तपासले जाते. ज्या गाडीवर आपल्याकडच्या पुष्कळ कॅम्पर उभ्या राहतात त्या ट्रॅव्हलरचे मूळही नगरपर्यंत पोचते. नगरचे वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले कुंदनमल फिरोदिया यांचे पुत्र नवलमल फिरोदिया यांनी 1958 मध्ये हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन टेम्पो या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो उभी केली. टेम्पो, मॅटाडोर, पुढे ट्रॅव्हलर ही तिचीच वाहने, आणि 2005 पासून तीच कंपनी फोर्स मोटर्स या नावाने चालते. म्हणजे गाडीची वंशावळ नगरची, तिची चाचणी करू शकणारी संस्था नगरची, एमएच-16 चे परिवहन कार्यालय नगरचे, आणि तरीही पारनेरच्या एखाद्या कुटुंबाला आपली एकुलती एक गाडी तपासून घेऊन आरसीवर खरा शेरा मारून घेण्याची सोपी वाट नाही.

ज्या जर्मनीतून टेम्पो आला तिथे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला आहे. तिथे मान्यताप्राप्त तपासनीस त्या एकाच गाडीची तपासणी करतो. बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे आहेत का, ते गाडीला पक्के बसवलेले आहेत का, हे पाहून अहवाल देतो, आणि त्यावरून कागदांत निवासी वाहन अशी नोंद होते. मग ती गाडी विकताना कोणाला काही लपवावे लागत नाही. ब्रिटनमध्ये नियम वेगळे आहेत, बाहेरून गाडी कॅम्परसारखी दिसते का याला तिथे महत्त्व आहे, त्यामुळे पुष्कळांना नोंद नाकारली जाते; पण अर्ज कुठे आणि कोणत्या निकषांवर करायचा हे तरी सामान्य माणसाला ठाऊक असते. आपल्याकडे अशी खिडकी उघडली तर जो तो वाटेल तसे पत्रे कापू लागेल, अशी भीती अधिकाऱ्यांच्या बाजूने मांडता येईल. ती भीती समजण्यासारखी आहे. रात्रीच्या बसमध्ये आग लागून माणसे दगावल्याच्या घटना या राज्याने पाहिल्या आहेत, आणि बंद गाडीत झोपलेल्या माणसाच्या सुरक्षिततेबाबत कडक असणे हे परिवहन खात्याचे कामच आहे. पण आज पत्रे कापले जात नाहीत असे नाही. ते कापले जातात, फक्त कोणी तपासत नाही. तपासणीची वाट नसल्यामुळे चांगली बांधणी आणि धोकादायक बांधणी बाजारात एकाच रांगेत उभ्या राहतात, आणि घेणाऱ्याला त्यांतला फरक कळायला काही आधार उरत नाही. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात वाहने आणि ती उभी करण्याची पार्क या दोन्हींचा विचार केला. त्या धोरणाला कौटुंबिक गाड्यांच्या एकेरी तपासणीची जोड मिळाली तर त्याचा उपयोग व्यावसायिकांपलीकडे जाईल.

तोवर काय? तोवर विकणाऱ्याला आहे त्या कायद्यात विकायचे आहे, आणि इथे सर्वांत मोठी चूक कागद अर्धवट ठेवण्याची होते. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात स्टॅम्प पेपरवर नोटरी करायची, मालकी-हस्तांतराच्या (टीटीओ) फॉर्मवर सह्या घेऊन ठेवायच्या, पैसे आणि किल्ली यांची अदलाबदल करायची आणि नाव नंतर लागेल म्हणून सोडून द्यायचे, ही रीत सर्रास आहे. कॅम्परच्या बाबतीत ती जास्त मोहात पाडते, कारण गाडी आरटीओपुढे नेली तर आतले पलंग दिसतील ही धास्ती दोघांनाही असते. सगळे असेच करतात आणि कोणाचे काही अडत नाही, हा दुसरा आक्षेप इथून येतो. त्याला उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या 6 फेब्रुवारी 2018 च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात आहे. त्यातली मोटार मूळ मालकाने विकली होती, पुढे ती अनेकांच्या हातांतून गेली, पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली. अपघातात एकाचा जीव गेला. न्यायालयाने म्हटले, कायद्याच्या कलम 2(30) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. अपघातग्रस्ताच्या घरच्यांनी खऱ्या मालकाचा माग काढत हिंडावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही. हा निकाल न्याय्य आहे असे मला वाटते, आणि म्हणूनच तो प्रत्येक विकणाऱ्याने गंभीरपणे घ्यावा. नावावर राहिलेली गाडी दुसऱ्या कोणी गोव्याला नेऊन ठोकली तर नोटीस नगरच्या घरी येणार आहे.

रीत तशी अवघड नाही. कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत फॉर्म 29 ने हस्तांतर कळवायचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत फॉर्म 30 ने आपल्या नावासाठी अर्ज करायचा. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते. कर्ज फिटले असेल तर फॉर्म 35 ने बोजा उतरवून घ्यावा. नुसते बँकेचे पत्र पुरत नाही, आरसीवरची नोंद निघाली पाहिजे. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलेली असावी, फास्टॅग आपल्या खात्यावरून बंद करावा. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यामार्फत व्यवहार करायचा असेल तर त्याला परिवहन खात्याची अधिकृतता आहे का हे विचारावे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सुपूर्द केल्याची रीतसर सूचना दिली की तोच तिचा मालक मानला जातो, आणि मूळ मालकाची टांगती तलवार सुटते. कुटुंबाच्या खासगी गाडीवर विक्रीचा जीएसटी नाही. गाडी मात्र नोंदणीकृत फर्मच्या नावावर असेल, तर नफ्याच्या फरकावर 18 टक्के कर येऊ शकतो, आणि घसारा घेतला असेल तर तो फरक घटलेल्या किमतीवरून मोजला जातो. फर्मच्या नावाने कॅम्पर घेणाऱ्यांनी हे आधीच सनदी लेखापालाला विचारून ठेवावे.

विम्याचा भाग वेगळा सांगायला हवा. कलम 157 प्रमाणे गाडीबरोबर विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते, पण सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच स्पष्ट केले आहे की हे तिसऱ्या पक्षाच्या जोखमीपुरते आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई नव्या मालकाला हवी तर पॉलिसी त्याच्या नावे व्हायला हवी, आणि त्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो त्याने आपल्या पुढच्या गाडीसाठी जपून ठेवावा. कॅम्परमध्ये खरी अडचण याच्याही पुढची आहे. विमा कंपनीला मिनीबस सांगितली आणि आत शेगडी, इन्व्हर्टर व लिथियम बॅटरी निघाली, तर आगीच्या दाव्यात कंपनी हात वर करू शकते. विकणाऱ्याने बदल कळवले नसतील, तर घेणारा पहिल्या दिवसापासून अर्ध्या विम्यावर गाडी चालवत असतो, आणि त्याला ते माहीतही नसते.

शेगडीचा विषय निघाला आहे तर थोडे थांबावे. कायद्यात काहीही असो, माणूस म्हणून विकणाऱ्याची एक जबाबदारी आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, पलंगाखाली, कप्प्यांच्या तळाशी साचतो आणि रेफ्रिजरेटरचा किंवा पंपाचा ठिणगीएवढा स्पर्श त्याला पुरतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि तळाला बाहेर उघडणारा हवा. बंद गाडीत थंडीपासून बचावासाठी शेगडी पेटवून झोपले तर कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो. डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी मुक्काम करणाऱ्यांना हा मोह होतो. सौर पॅनल, बॅटरी आणि 230 व्होल्टचा इन्व्हर्टर यांच्या वायरींत फ्यूज कुठे आहेत, वायर किती जाडीची आहे, बॅटरी कोणत्या साली घेतली, हे विकणाऱ्याला माहीत असते आणि घेणाऱ्याला दिसत नाही. सजावटीच्या पॅनलमागे गेलेली वायरिंग एका कागदावर काढून देणे, गॅसची नळी कधी बदलली ते लिहून देणे, कुठे गळते, कोणता दरवाजा अडतो हे सांगणे, यामुळे दहा-वीस हजार कमी मिळतील कदाचित. पण घेणाऱ्याची मुले त्याच पलंगांवर झोपणार आहेत.

गाडी विकण्याऐवजी भाड्याने द्यावी, असाही सल्ला अशा वेळी हटकून मिळतो. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला गर्दी होते, तिथे चार-दोन शनिवार-रविवार दिली तरी खर्च निघेल असे वाटते. पण खासगी नोंदणीची, पांढऱ्या प्लेटची गाडी पैसे घेऊन देणे म्हणजे परवान्याशिवाय परिवहन व्यवसाय करणे. त्यासाठी ती परिवहन गटात नोंदवावी लागते, योग्यता प्रमाणपत्र, परवाना आणि व्यावसायिक विमा घ्यावा लागतो. हे सगळे करायचे म्हणजे मानकाप्रमाणे बांधणीचा प्रश्न पुन्हा आलाच. ज्याला हा धंदाच करायचा आहे त्याने जरूर करावा, राज्याच्या धोरणात त्याला जागा आहे. विक्री टाळण्याची पळवाट म्हणून मात्र हा मार्ग महाग पडतो.

राहिला सर्वांत नाजूक आक्षेप. कॅम्पर म्हणून नोंद होत नसेल तर सामान काढून, सीट परत बसवून गाडी विकावी, असे म्हटले की लोक दुखावतात. इतक्या हौसेने उभे केलेले घर स्वतःच्या हाताने मोडायचे? हे दुःख खरे आहे, त्याला मी हसणार नाही. मात्र वेस्टफालिया या जर्मन कंपनीने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फोक्सवॅगनच्या गाडीसाठी जी पहिली सोय काढली, ती सुट्या सामानाची होती. ती कॅम्पिंग बॉक्स म्हणून ओळखली गेली. आठवडाभर गाडी कामाला वापरायची आणि सुट्टीत बॉक्स आत ठेवून निघायचे. पुढे कॅम्पर बांधण्याचे एवढे मोठे जग उभे राहिले, त्याची सुरुवात उतरवता येणाऱ्या फर्निचरने झाली आहे. आज नव्याने गाडी बांधणाऱ्याने हाच कित्ता गिरवावा असे मी आग्रहाने सांगेन: पत्रा कापू नये, मूळ सीट आणि त्यांचे नटबोल्ट गोठ्यात का होईना, पण कोरडे जपून ठेवावेत, पलंग आणि ओटा मूळ भोकांतच बसवावेत. असे सामान विक्रीच्या वेळी वेगळे निघते. फ्रिज, पॅनल, बॅटरी, गाद्या, सुटा ओटा यांना आपापले जुने बाजारभाव असतात, आणि कधी दुसरे कॅम्परवाले कुटुंब ते पूर्ण संचासह घेऊन जाते.

किंमत ठरवण्याची रीतही त्यातून आपोआप मिळते. त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, तितक्याच किलोमीटरची साधी गाडी नगर, पुणे किंवा नाशिकच्या बाजारात कितीला जाते ते आधी काढावे; हा झाला पाया. वर्ष मोजताना खासगी नोंदणी पंधरा वर्षांची असते हे ध्यानात ठेवावे, तेरा-चौदा वर्षांच्या गाडीला पुढे पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर आहे, तो घेणारा मनात वजा करणारच. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीला वेगळा भाव आहे. या पायावर काढता येणाऱ्या वस्तूंची जुनी किंमत मिळवावी. सुताराची मजुरी, वेल्डिंग, आतला रंग यांचे काहीही मिळवू नये, कारण ते गेलेले पैसे आहेत, त्यांचा उपभोग कुटुंबाने घेतलेला आहे. आणि जे बदल काढता येत नाहीत व आरसीवरही नाहीत, त्यांच्यासाठी वजाबाकी करावी. कापलेली खिडकी बंद करून पत्रा लावायला आणि रंग मारायला जो खर्च येईल, तेवढी तरी. गिऱ्हाइकाने विसार देण्याआधी त्याला आरसी, विम्याची प्रत, वजनकाट्याच्या पावत्या, वायरिंगचा नकाशा आणि मूळ सीटचे फोटो एकत्र दाखवावेत. व्यवहार ठरला की ताबा देण्याची तारीख आणि वेळ, दोन्ही, पावतीवर लिहून दोघांनी सही करावी. चलन कोणाच्या माथी यावर पुढे भांडण झाले तर ती वेळ कामाला येते.